झुरळं मारली त्या आठवड्यात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही — आई तर गेली, तिला न सांगताच. देवापुढे रोज बसते, पण तिथेही या एका गोष्टीला वळसा घालून बाकीचं सगळं बोलते. आज सांगायचं ठरवलं आहे. मध्येच थांबले तर — नाही, थांबणार नाही. फक्त एकदम मुद्द्यावर यायला मला जमणार नाही, म्हणून आधी झुरळांचं सांगते. सुरुवात तिथूनच झाली.

माझं माहेर शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या बाजूला. सासर मुरबाड तालुक्यात, धसईपासून पाऊण तास चालत. नव्वदचं दशक संपत आलं होतं. जुनं कुडाचं घर पाडून आम्ही विटांचं बांधलं होतं. यांना मुरबाडच्या एका कारखान्यात नोकरी होती, शेती सासूबाई आणि धाकटे दीर प्रकाशभावोजी बघायचे. त्या दोघांखेरीज घरात आम्ही नवरा-बायको आणि चार वर्षांची मनीषा. एवढीच माणसं.

नव्या स्वयंपाकघरात मला लाकडी कपाटं हवी होती. कल्याणला मावसबहिणीकडे पाहिली होती — ओट्याखाली, भिंतीला, दारं लावलेली. नवी घेणं शक्य नव्हतं, म्हणून उल्हासनगरहून जुनी आणवली, कुणाच्या तरी घरातून निघालेली. सासूबाई म्हणाल्या, "कशाला गो दुसऱ्याच्या घरचं लाकूड? फळी ठोकून घे, झालं." मी हट्ट सोडला नाही. कपाटं आली, आणि त्यांच्या बिजागऱ्यांत, फटींत लपून झुरळंही आली.

आमच्या जुन्या घरात झुरळ नव्हतं असं नाही. मोरीत एखादं मोठं काळपट दिसायचं, चपलेचा एक फटका पुरायचा. ही वेगळी होती. लहान, तांबूस, पाण्यासारखी पळणारी. डब्याचं झाकण उघडलं की काठावर, कपबशीच्या दांडीत, चुलीजवळच्या काडेपेटीत. कपाटाचं दार उघडलं की आत एक सरसर व्हायची आणि मग सगळं शांत. त्या शांततेचा मला फार राग यायचा.

आणि मग प्रकाशभावोजींसाठी शहापूरकडची माणसं घर बघायला आली. मी चहा नेला. मुलीच्या आईने कप उचलला आणि बशीत, कपाच्या बुडाखालून, एक झुरळ बाहेर आलं. बशीच्या काठावर थांबलं. मिशा हलवल्या. त्या बाईंनी कप खाली ठेवला आणि पदराने हात पुसला. पुढे त्यांच्याकडून निरोप आलाच नाही. झुरळामुळे स्थळ गेलं असं घरात कुणीही म्हणालं नाही. पण भावोजी त्यानंतर आठ दिवस माझ्या हातचा चहा कपात न घेता पेल्यात घ्यायचे. हे टोचत नाही का माणसाला?

मी ठरवलं, या घरात एकही झुरळ जिवंत ठेवायचं नाही. कपाटं रिकामी करून उकळतं पाणी ओतलं. मोरीत रॉकेल सोडलं. धसईच्या बाजारातून झुरळं मारायचा खडू आणला, दारादाराला रेघा ओढल्या. झुरळं चार दिवस रेघा टाळून चालली, मग रेघांवरूनच चालायला लागली. बोरिक पावडर, कणीक आणि साखर मळून गोळ्या केल्या, कोपऱ्यांत ठेवल्या. थोडी कमी झाली. पण सकाळी ओट्यावर हात ठेवला की कुठून तरी एक सुटायचंच. सासूबाई जपमाळ ओढत म्हणायच्या, "ती कपाटं जाळ." फक्त तेवढंच. आणि मला तेवढंच ऐकायचं नव्हतं.

पडवीतल्या माळ्यावर भातावर मारायची पांढरी भुकटी होती, तुडतुड्यांसाठी. एका जाड पिशवीत, तोंड बांधलेली. सासूबाईंचा नियम होता की ती पिशवी घरात आणायची नाही. शेतात मारून आल्यावर भावोजींना त्या अंगणातच आंघोळ करायला लावायच्या. मलाही त्यांनी दोनदा बजावलं होतं, "झुरळांसाठी तिला हात लावशील तर बघ हं. ते माणसाला मारतं."

हे मी कशाला लिहिते आहे? म्हणजे तुम्हाला कळावं की मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. चांगलं माहीत होतं.

दुसरं स्थळ रविवारी यायचं होतं. त्या आठवड्यात एका दुपारी सासूबाई आणि भावोजी शेताच्या बांधावर गेले होते, मनीषा शेजारी खेळत होती, हे कामावर. मी माळ्यावरून पिशवी काढली. तोंडाला पदर बांधला, कपाटांतली भांडी बाहेर मांडली आणि फटीफटीत, बिजागऱ्यांत भुकटी सोडली. मग दारं लावून घेतली. वासाबद्दल विचारलं तर फिनेल टाकलंय म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारं उघडली — आणि काय सांगू तुम्हाला, मला इतका आनंद आयुष्यात थोड्या वेळा झाला असेल. सगळी उताणी पडली होती. सुपली भरभरून काढली आणि परड्यात पुरली. ओल्या फडक्याने कपाटं आतून पुसली. भांडी जागेवर लावली. परातीवर धूळ दिसली, म्हणून तीही पुसली. त्याच फडक्याने.

त्याच सकाळी बुधीबाय आली होती. तिचं सांगायला हवं. बुधीबाय वरच्या कातकरी वाडीतली. सिद्धगडाच्या बाजूच्या रानात तिला काय कुठे उगवतं ते पाठ होतं. ज्येष्ठात शेवळं, मग टाकळा, कुर्डू, पुढे काकड्या, कंद. टोपली घेऊन आधी आमच्या दारात यायची, मग धसईच्या बाजाराला जायची. मी नवी नवरी असताना शेवळं साफ करायला मला तिने शिकवलं होतं — वरचा पिवळा दांडा काढून टाकायचा, काकडाच्या झाडाची आंबट फळं घालून शिजवायचं, नाहीतर घसा खाजतो. त्या दिवशीही टोपली उतरवताना म्हणाली, "वयनी, आज लय कवळी मिळालीत. काकडं पण आणलीत बघ तुला." मी दोन जुड्या घेतल्या. हातात धरून पाहिल्या. ताज्या होत्या, मातीचा ओलसर वास होता त्यांना, दुसरा कसलाही नाही.

माझा उपास होता. दुपारी त्या परातीत तांदळाचं पीठ मळून मी भाकऱ्या केल्या. सासूबाईंनी आणि भावोजींनी शेवळाची भाजी आणि भाकरी खाल्ली. मनीषाने भाजीला बोटसुद्धा लावलं नाही. तिला शेवळं कधीच आवडायची नाहीत. तिने दुधात भाकरी कुस्करून खाल्ली, अर्धीच.

तासाभरात भावोजींना मळमळायला लागलं. मग सासूबाईंना उलटी झाली, अंगाला दरदरून घाम. मनीषा ओटीवर बसल्या जागी कलंडली. तिच्या तोंडातून लाळ गळत होती. मी तिला उचललं तेव्हा तिचं अंग कापत होतं. आणि त्या क्षणी, तिला खांद्यावर घेऊन गावातल्या जीपकडे पळताना, मला सगळं कळलं होतं. भुकटी, फडकं, परात, भाकरी. एकामागे एक. शंका अशी एकदाही आली नाही.

मुरबाडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मनीषाची पापणी उघडून बॅटरी मारली. बुबुळातला काळा ठिपका टाचणीच्या टोकाएवढा झाला होता. ते म्हणाले, "औषध पोटात गेलंय. घरात काही फवारलं होतं? उंदराचं, झुरळांचं, शेतीचं काही?"

मी म्हटलं, "नाही."

"मुलीने काय खाल्लं?"

मी म्हटलं, "शेवळाची भाजी आणि भाकरी. सगळ्यांनी तेच खाल्लं." आणि कुणी विचारलं नसताना पुढे म्हटलं, "भाजीला जरा वास होता औषधाचा."

बघा, हे ते वाक्य. इथे यायला मला एवढा वेळ लागला. माझी चार वर्षांची मुलगी खाटेवर होती, डॉक्टर विचारत होते ते तिला वाचवायला विचारत होते, पिशवीवर त्या औषधाचं नाव छापलेलं होतं आणि मला ते वाचता येत होतं. मी दहावी पास आहे. तरी मी नाही म्हटलं. डॉक्टर माझ्या उत्तरावर थांबले नाहीत, लक्षणं पाहून त्यांनी सुया सुरू केल्या, म्हणून ती वाचली. माझ्यामुळे नाही वाचली. ते माझ्यावर विसंबले असते तर?

कशाला घाबरले मी? सासूबाईंना? नवऱ्याला? खरं सांगू — कपाटांना. ती कपाटं मी आणली होती, झुरळं त्यांतून आली होती, नको म्हटलेली भुकटी मी आणली होती. सगळं एका दमात माझ्यावर आलं असतं. आणि समोर एक टोपलीवाली होती, जी तिथे नव्हती.

मनीषा आणि भावोजी चार दिवसांत घरी आले. सासूबाईंना आणखी आठवडा लागला, त्यानंतरही त्यांच्या पायांत बरेच महिने बळ नव्हतं. तोवर बुधीबायच्या भाजीने झालं असं गावात सगळ्यांना कळलं होतं. रानातल्या भाजीवर औषध कुठून येईल, असं एकाने विचारलंही. दुसऱ्याने सांगितलं, कुणाच्या तरी फवारलेल्या बांधावरून खुडली असेल, त्यांना काय, टोपली भरल्याशी काम. मी भांडी घासत होते. मी ते ऐकलं आणि भांडी घासत राहिले.

धसईच्या बाजारात भावोजींनी बुधीबायची टोपली लाथेने उलटवली. मी तिथे नव्हते. पण दुसऱ्या दिवशी ती आमच्या अंगणात आली तेव्हा मी होते. शेजारच्या बाया जमल्या होत्या. सासूबाई ओटीवर पडून होत्या. बुधीबाय कुणाकडे बघत नव्हती, फक्त माझ्याकडे.

"वयनी, तूच सांग. तुझ्या हातात दिली मी भाजी. तू हातात धरून बघितलीस. वास आलता का तिला?"

मला वाटतं तिला खात्री होती की मी नाही म्हणेन. म्हणूनच ती आली होती. मी अख्ख्या अंगणासमोर म्हटलं, "आलता."

ती एवढंच बोलली, "मग मला तवाच का नाय सांगितलंस गो? मी टाकून दिली असती."

भावोजी म्हणाले, "चल, निघ इथून. परत या आळीत दिसू नको." ती निघाली. जाताना दारातली मनीषा तिला दिसली. तिच्याकडे तिने पाहिलं, हात पुढे करायला गेली आणि मागे घेतला.

त्या वर्षी आवणीला, भाताची रोपं लावायला, तिच्या घरच्यांना कुणी बोलावलं नाही. दरवर्षी ती आणि तिचा नवरा आमच्याच शेतावर यायचे. बाजारात तिच्या टोपलीकडे कुणी फिरकेना. दिवाळीनंतर ते भिवंडीकडे वीटभट्टीवर गेले. वाडीतली बाकीची माणसं पावसाच्या आधी परतली. ते परतले नाहीत.

आणि माझ्या घरात झुरळं नव्हती. कपाटं आणि भांडी मी साबणाने पुन्हापुन्हा धुतली होती, उरलेली भुकटी पिशवीसकट गोठ्यामागे खोल पुरली होती, आणि भावोजींनी विचारलं तेव्हा पोरीच्या भीतीने टाकून दिली म्हणून सांगितलं होतं. तुम्हाला विश्वास बसणार नाही, आळीतल्या बाया मला विचारायच्या, "तुझ्या घरात एक झुरळ नाय गो, काय करतेस?" मी सांगायची, "रोजची साफसफाई." भावोजींचं लग्न झालं. पाहुण्यांनी माझं स्वयंपाकघर बघून कौतुक केलं. मी ते कौतुक घेतलं.

सात-आठ वर्षं गेली. माहेरी एका लग्नात वीटभट्टीवर जाणारी एक बाई भेटली, तिच्याकडून कळलं की बुधीबाय उंबरमाळीला बहिणीच्या आसऱ्याने राहते. मी ठरवलं — जाऊन सांगायचं. घरी भावाकडे जाते म्हणून निघाले. शहापूरहून जीपने खर्डी, तिथून पुढे मिळेल त्या गाडीने, मग चढणीची वाट. वाटभर मी वाक्य घोकत होते.

ती झोपडीसमोर सरपण फोडत होती. नवरा वारला होता. मला पाहून तिने कोयता खाली ठेवला. पहिला प्रश्न काय विचारावा तिने?

"पोर बरी हाय ना वयनी?"

मी म्हटलं, बरी आहे, सहावीत आहे. तिने पाणी दिलं. बसायला गोणपाट अंथरलं. मग आपणहूनच म्हणाली, "मी त्या दिसापासून शेवळाला हात नाय लावला. लय इचार केला. कुठल्या बांधावर गेले असंन, कुठं माझी नजर चुकली, काय कळंना. माझ्या आयेने शिकवलेलं सगळं, तरी चुकले. पोरीला पण नाय शिकवलं मंग. म्हटलं, कुणाचा जीव घेऊन बसंल."

मला वाटत होतं तिला माहीत आहे. एवढी वर्षं मी धरून चालले होते की तिला ठाऊक आहे ती निर्दोष आहे, ती मनात मला शिव्या देत असेल. शिव्यांची तयारी करून गेले होते मी. आणि तिने तर माझं खोटं खरं मानलं होतं. आपल्या डोळ्यांवरचा, हातांवरचा विश्वास तिने सोडून दिला होता, आईकडून आलेली विद्या लेकीला द्यायची थांबवली होती — माझ्या एका शब्दावर.

एका वाक्याचं काम होतं. मी पाणी पीत राहिले. बरोबर आणलेलं लुगडं तिच्या मांडीवर ठेवलं आणि शेवटची गाडी चुकेल म्हणून उठले. लुगडं देऊन आले मी तिला! ती वाटेपर्यंत सोडायला आली होती.

तुम्ही विचाराल, पहिलं खोटं मोठं की हे न बोलणं? मी यावर पुष्कळ डोकं शिणवलं आहे. पहिल्या वेळी माझी मुलगी मरणाच्या दारात होती, मी भेदरले होते. दुसऱ्या वेळी काहीच नव्हतं. ऊन होतं, सावली होती, दोघी बसलो होतो. तरीही मी बोलले नाही.

त्यालाही आता तीन वर्षं झाली. सासूबाई अजून आहेत. दर ज्येष्ठात आळीतल्या सुनांना बजावतात की वाडीवरची भाजी घेऊ नका, आमच्या घरात काय झालं ठाऊक आहे ना. गेल्या आठवड्यात त्या हेच सांगत होत्या. मनीषा ऐकत होती. पंधरा वर्षांची झाली आहे, विज्ञान आवडतं तिला. रात्रीच्या भाजीसाठी लसूण सोलताना मला म्हणाली, "आई, मी तर शेवळं कधीच खात नाय. मग मला कशाने झालं?"

मी म्हटलं, "लहान होतीस, खाल्ली असशील."

ती लसूण सोलत राहिली. पण तिच्या कपाळावर एक आठी होती, आणि ती आठी मी ओळखते. ती आता आपल्या आठवणीवर शंका घेत होती. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून. अगदी बुधीबायसारखी.

त्या दिवसापासून मी हे लिहिते आहे, दुपारी थोडं थोडं. लिहून काढायचं कारण एवढंच की बोलताना मी वळण घेते, हे मला माझ्याबद्दल पक्कं कळलं आहे. कागदावर वाक्य एकदा उतरलं की ते बदलता येत नाही. म्हणजे येतं, पण मी बदलणार नाही.

मनीषाला आज शाळेतून आली की सांगणार. जेवताना यांना, सासूबाईंना आणि भावोजींना, सगळ्यांना एकत्र. अंगणात जमलेल्या त्या बायांपैकी ज्या अजून आळीत आहेत त्यांच्या दारात जाऊन सांगणार, कारण बोलले होते ते त्यांच्यासमोर. भावोजी काय करतील, सासूबाई पुन्हा माझ्या हातचं खातील का, मला ठाऊक नाही. मनीषा माझ्याकडे कशी बघेल याचा विचार मी करत नाही. केला तर पुन्हा गप्प बसेन.

बुधीबायला शेवटी सांगणार असं आधी ठरवलं होतं. मग वाटलं, हीसुद्धा पळवाटच. म्हणून उद्या संध्याकाळी भावाकडे मुक्काम. या वेळी लुगडं नाही, खाऊ नाही, रिकाम्या हाताने. पाणी घेण्याआधी, बसण्याआधी सांगायचं. ऐकून तिने हाकललं तर जाईन, थांब म्हणाली तर थांबेन, काहीच बोलली नाही तर तेही तिचंच.

शहापूरहून खर्डीची पहिली जीप सकाळी सातला सुटते. परवा मी तीत बसणार आहे.